झावळ्यांच्या छपराखाली : अलिबाग ते ठाणे

सोमवार, ६ ऑक्टोबर

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये माझ्या मांडीवर थर्मोकोलचा एक खोका होता आणि त्यात बर्फात ठेवलेल्या सहा कोंबड्या होत्या. ज्या मित्राबरोबर मी निघालो होतो तो ठाण्याचा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. त्याच्या आत्या अलिबागच्या इस्राएल आळीत राहतात. धर्माच्या नियमाप्रमाणे प्राणी कापणारा, ज्याला हे लोक शोहेत म्हणतात, तो आता अलिबागेत नसल्यामुळे सणासाठी लागणारे काशेर मांस मुंबई-ठाण्याकडूनच न्यावे लागते. मित्राच्या दोन्ही हातांत कपड्यांच्या बॅगा असल्यामुळे खोका माझ्याकडे आला होता. मांडव्याला उतरून लाँचच्याच तिकिटावर मिळणाऱ्या बसने अलिबागेत पोहोचेपर्यंत बर्फाचे निम्मे पाणी होऊन माझ्या पँटवर आले होते.

आज संध्याकाळी सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, सुरू होणार होता आणि आजच कोजागरीही होती. हा योगायोग वाटतो, पण त्यामागे गणित आहे. ज्यूंचे महिनेही आपल्यासारखेच चंद्राचे असतात आणि चांद्रवर्ष ऋतूंच्या मागे पडू नये म्हणून तेही अधिक महिना घालतात. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांत सात वेळा, आपल्याकडे साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एकदा. त्यामुळे ज्या वर्षी दोघांचे अधिक महिने जुळतात त्या वर्षी त्यांचा तिश्री आणि आपला आश्विन हातात हात घालून चालतात. यंदा घटस्थापनेच्या संध्याकाळी त्यांचे ५७८६ हे वर्ष सुरू झाले, दसऱ्याच्या दिवशी त्यांचा योम किप्पूरचा कडक उपास होता, आणि तिश्रीच्या पंधराव्या रात्री, भर पौर्णिमेला, सुक्कोथ आला. ज्या वर्षी अधिक महिने जुळत नाहीत त्या वर्षी हेच सण एका महिन्याच्या अंतराने येतात.

अलिबागचे प्रार्थनालय ‘मागेन आबोथ’ या नावाचे आहे. मूळची वास्तू १८४८ सालची, आणि आजची इमारत १९१० साली उभी राहिली. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात सुक्का उभा राहत होता. चार बाजूंना बांबू, त्यांवर आडव्या काठ्या आणि वर नारळाच्या हिरव्या झावळ्या. छपराचा नियम असा की ते जमिनीत उगवलेल्या आणि तोडलेल्या गोष्टींचेच असावे, आत सावली उन्हापेक्षा जास्त असावी, पण वर पाहिले तर तारे दिसावेत इतकी फट राहावी. मिसर देशातून बाहेर पडल्यावर त्यांचे पूर्वज चाळीस वर्षे रानात तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले, त्याची ही आठवण. कोकणातल्या माणसाला असा मांडव घालायला कोणी शिकवावे लागत नाही. एक गृहस्थ शिडीवर उभे राहून झावळ्या कशा सरकवायच्या हे सांगत होते आणि खाली उभे असलेले तिघे त्यांना त्याच्या नेमके उलट सांगत होते, हेही कुठल्याही मांडवासारखेच. मग फळे टांगली गेली : केळ्यांचा घड, डाळिंबे, सफरचंदे, मोसंबी, पेरू, मक्याची कणसे, आणि मधोमध एक भलेमोठे महाळुंग.

संध्याकाळच्या प्रार्थनेला मी रुमाल डोक्यावर बांधून मागे बसलो. हेखाल, म्हणजे तोरा या ज्यूंच्या मुख्य धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट, पश्चिमेच्या भिंतीत असते, कारण भारतातून यरुशलेम पश्चिमेला. मध्यभागी कठडा असलेला चौथरा, त्याला तेबा म्हणतात. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, तिथे उभे राहून हिब्रूत प्रार्थना म्हणतात. बाजूला एक उंच, रिकामी खुर्ची आहे. ती संदेष्टा एलियाहू याची. सुंतेच्या विधीला मूल आधी त्या खुर्चीवर ठेवतात. इतर वेळी तिच्यावर कोणी बसत नाही.

बाहेर आल्यावर सुक्क्यात किद्दुश, म्हणजे वाइनच्या पेल्यावरचा आशीर्वाद, झाला. वाइनच्या जागी इथे मनुकांचे सरबत असते आणि ते आत्यांनी घरी केले होते. काळ्या मनुका सकाळी पाण्यात घालून ठेवायच्या, फुगल्या की त्याच पाण्यात हाताने कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, आणि उरलेला चोथा पुन्हा थोड्या पाण्यात पिळायचा. “पहिलं पाणी देवाचं, दुसरं पोरांचं,” असे आत्या म्हणाल्या. रंग जांभळट तपकिरी, चव गोड आणि शेवटी किंचित तुरट. पेला हातात धरून हजानांनी आशीर्वाद म्हटला आणि मग एकच पेला सर्वांच्या ओठांना लागला.

रात्री जेवणानंतर शेजारच्या वहिनी आटीव मसाला दूध घेऊन आल्या. कोजागरीचा नेम त्या दरवर्षी पाळतात. आत्यांनी दूध घेतले, वहिनींना बसवले, आणि पातेले झाकून फडताळात ठेवून दिले. आम्ही कोंबडी खाल्ली होती आणि मांसानंतर काही तास दूध चालत नाही. वहिनींना हे गेली तीस वर्षे ठाऊक आहे, म्हणून त्यांनी पिण्याचा आग्रह केला नाही. फक्त “उद्या सकाळी गरम करून घ्या, नासायचं नाही” एवढे सांगितले. झावळ्यांच्या फटीतून चंद्र मात्र सगळ्यांना सारखाच दिसत होता, तोही ढग सरकले तेव्हाच.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सकाळी प्रार्थनेत चार वनस्पती हातात घेण्याचा विधी पाहिला. खजुराचे न उमललेले पाते म्हणजे लुलाव, त्याला बांधलेल्या हदास आणि अरावा या दोन झाडांच्या डहाळ्या, आणि डाव्या हातात एथ्रोग. एथ्रोग म्हणजे आपले महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे फळ आहे तेच. ते फळ इथे डाग नसलेले, देठ शाबूत असलेले असे निवडून घेतात. चारही एकत्र धरून पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, वर आणि खाली असे हलवतात, आणि मग पुरुष एका ओळीत ‘होशाना’ म्हणत तेब्याभोवती एक फेरी घालतात. सणाच्या सातव्या दिवशी अशाच सात फेऱ्या असतात.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. फेरी सुरू असताना मी सवयीने खिशातून फोन काढला. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी काही न बोलता माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो फोन पुन्हा खिशात जाईपर्यंत उचलला नाही. सणाचे पहिले दोन आणि शेवटचे दोन दिवस शब्बाथासारखे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासारखे, पाळतात. लिहायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही, पैशाला हात लावायचा नाही, वाहन वापरायचे नाही. मित्राने मला हे लाँचवर सांगितले होते. त्यानंतरचे हे सगळे टिपण मी आत्यांच्या घराबाहेर, रस्त्याच्या कडेच्या चहाच्या टपरीवर बसून केलेले आहे.

प्रार्थना संपल्यावर हातबोशी झाली. हजानांनी शेजारच्याचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, सोडले, आणि आपल्या बोटांची टोके ओठांना लावली. त्या माणसाने पुढच्याशी तसेच केले, आणि असा तो स्पर्श बाकांच्या रांगेतून सरकत सरकत माझ्यापर्यंत आला. सकाळी मनगट धरणारे गृहस्थच माझ्या शेजारी होते. त्यांनी माझे हात घेतले, हसले, आणि पुढच्या बाकाकडे वळले.

दुपारी आत्या सणांची जुनी नावे सांगत बसल्या. एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी आणि मुंबईतल्या मिशनऱ्यांनी या लोकांना हिब्रू शिकवले, डॉ. जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्याआधीची कित्येक शतके कोकणातल्या खेड्यांत ग्रंथ नव्हता, आणि ‘शेमा इस्राएल’ या एका वाक्याखेरीज प्रार्थनाही उरली नव्हती. उरले होते ते शनिवारचे काम बंद, सुंता, खवले आणि पर नसलेली मासळी वर्ज्य, आणि सण. त्या सणांना मग घरातली नावे पडली. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’, त्यामागून नव्या तांदळाचा ‘खिरीचा सण’. योम किप्पूर म्हणजे ‘दरफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दार लावून घेऊन सगळे घरातच बसत आणि बाहेरच्या माणसाचा विटाळ होऊ देत नसत; दुसऱ्या दिवशी दार उघडून दानधर्म आणि भेटीगाठी, तो ‘शिळा सण’. पुरीम होळीच्या सुमारास येतो म्हणून ‘होळीचा सण’. पासोव्हरला आंबवलेले काही घरात चालत नाही, तेव्हा आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवायचे, म्हणून ‘अनाशी ढाकण्याचा सण’. आणि यरुशलेमचे मंदिर पडले त्या दुःखाच्या दिवशी उपास करायचा आणि तो वालाच्या बिरड्याने सोडायचा, म्हणून ‘बिरड्याचा रोजा’.

या यादीत हनुक्का, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या पुनःशुद्धीचा सण, नाही. हनुक्काची घटना इसवीसनापूर्वी १६५च्या सुमाराची. ती घडण्याआधीच हे लोक यरुशलेमच्या प्रदेशातून निघाले असावेत, असा तर्क त्यावरून काही जण करतात. मला त्या तर्कापेक्षा बिरडे जास्त पटते. दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिराचे सुतक रायगड जिल्ह्यातल्या वालाने पाळावे, यात कोणी काही सिद्ध करायला निघालेले नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

मित्राला आणि आत्यांना वाहनात बसायचे नव्हते, म्हणून नवगावला मी एकटाच रिक्षाने गेलो. अलिबागच्या उत्तरेला, समुद्राकाठी. कथा अशी की किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि वाहून आलेली बाकीची प्रेते त्यांनी इथे दोन ठिकाणी पुरली. आज तिथे कबरस्तान आहे आणि एक स्मारक आहे. गलबत कधी फुटले याबद्दल मते अनेक आहेत. मला तिथे उभे राहून त्यांतले कोणतेच खोडून काढावेसे वाटले नाही.

वाचलेले लोक गावोगाव पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. कोकणाने माणसाला जात दिली की गावही देतेच : दिवे आगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, तसेच रोहेकर, पेणकर, चेऊलकर, राजपूरकर, अष्टमकर, गालसुरकर. नाव हिब्रू, आडनाव कोकणी. जुन्या थडग्यांवर वर हिब्रू ओळ आणि खाली मराठीत नाव, गाव आणि तारीख असते. समुद्राच्या वाऱ्याने काही अक्षरे पुसट झाली आहेत आणि बऱ्याचदा आधी हिब्रू जाते, कारण ती बारीक कोरलेली असते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सणाचे मधले दिवस सुरू झाले म्हणजे प्रवासाला मोकळीक. सकाळीच एक मोठी गाडी भरून आम्ही खंडाळ्याकडे निघालो. हे घाटातले खंडाळे नव्हे, अलिबागजवळचे. तिथे ‘एलियाहू हनाबीचा टापा’ आहे. एका कातळावर काही खुणा आहेत. त्या एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या, आणि इथूनच तो स्वर्गात गेला, अशी श्रद्धा. गलबत फुटल्यावर बेशुद्ध पडलेल्या पूर्वजांना त्यानेच येऊन जागे केले, असेही सांगतात. मुख्य जत्रा माघाच्या सुमारास, झाडांच्या नववर्षाला भरते आणि तिला जुने लोक उरूस म्हणत. पण नवस फेडायला लोक वर्षभर येतात. आमच्यातल्या एका कुटुंबाच्या मुलीला नोकरी लागली होती.

नवस फेडायचा म्हणजे मलिदा करायचा. जगातले इतर ज्यू हा विधी करत नाहीत. तो फक्त बेने इस्राएलांचा आहे, म्हणून मी तो जवळ बसून पाहिला. पोहे धुऊन निथळून ठेवलेले होते. आत्यांनी परातीत ते पसरले, त्यावर चिरलेला गूळ घातला आणि तो विरघळेपर्यंत दोन्ही हातांनी हलक्या हाताने चोळला. पोहे मोडता कामा नयेत आणि गुळाचा खडाही लागता कामा नये. मग दोन नारळांचा ताजा चव, वेलचीची पूड, बदाम, पिस्ते, बेदाणे. ढीग करून वरचा भाग सपाट केला आणि त्याभोवती केळी, सफरचंदे, पेरू, खजूर अशी फळे रचली. वर गुलाबाची फुले आणि सब्जाची एक जुडी.

पुरुषांनी ‘एलियाहू हनाबी’ हे स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. त्याची चाल संथ आहे आणि धृपद परत परत येते, त्यामुळे चौथ्या वेळेला मीही ते गुणगुणत होतो. त्यानंतर आशीर्वाद. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा : झाडावर येणाऱ्या फळासाठी एक, जमिनीतून येणाऱ्यासाठी दुसरा. आणि सब्जा खायचा नसतो, फक्त हुंगायचा. सुगंधासाठीही एक आशीर्वाद आहे. सब्जाची जुडी हातोहात फिरली, प्रत्येकाने नाकाशी धरली, पानावरून बोट फिरवले. माझ्या हाती आली तेव्हा ती निम्मी चुरगळलेली होती आणि त्यामुळेच तिचा वास सर्वांत जास्त येत होता.

मलिदा हा शब्द कोकणातल्या मुसलमानांकडेही आहे, दर्ग्यावर चढवतात तोच. उरूसही त्यांचाच शब्द. पोहे, गूळ आणि खोबरे तर सर्वांचेच. हे मी आत्यांना बोलून दाखवले तेव्हा त्यांनी मला द्रोण भरून दिला आणि “खा आधी” म्हणाल्या.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सकाळी रेवदंड्याला जाऊन आलो. तिथले ‘बेथ एल’ हे प्रार्थनालय १८४२ सालचे. ते बंद होते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते गावाला गेले होते. बाहेरून पाहून परतलो.

संध्याकाळी शब्बाथ. सणाच्या पहिल्या दोन दिवसांसाठी मुंबई-ठाण्याहून आलेली मंडळी गुरुवारीच परतली होती, हे मला पहिल्यांदा जाणवले ते प्रार्थनालयाच्या दारात. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्या दहांना मिन्यान म्हणतात. दहा नसतील तर मृतांसाठी म्हणायची कद्दीश म्हणता येत नाही आणि सकाळी तोरा बाहेर काढून वाचता येत नाही. ज्याला जे म्हणायचे ते त्याने एकट्याने म्हणायचे. त्या दिवशी एका गृहस्थांच्या वडिलांचा श्राद्धदिन होता आणि ते खास कद्दीशसाठी पनवेलहून आले होते.

डोकी दहा होती. पण दहावा मी होतो, म्हणजे गणती नऊ. कोणी बोटाने मोजत नव्हते, कारण माणसे मोजायची नाहीत असा संकेत आहे. तरी प्रत्येक जण आत आला की एकदा सगळ्या बाकांवरून नजर फिरवून घेत होता. सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळणार. हजान घड्याळाकडे न पाहता दाराकडे पाहत उभे होते. पनवेलचे गृहस्थ प्रार्थनेचे पुस्तक उघडून बसले होते आणि बराच वेळ त्यांनी पान उलटले नव्हते. अशा वेळी आपण तिथे असून उपयोगाचे नाही ही जाणीव फार विचित्र असते. मला उगाचच उठून बाहेर जावेसे वाटले, जणू माझ्यामुळेच एक जागा अडली होती.

शेवटी कोणाला तरी आठवले की आळीत एक मुलगा पोट दुखते म्हणून घरी आहे, आणि त्याचा बार मित्सवा गेल्या वर्षी झाला आहे. तेरा वर्षे पूर्ण झाली की मुलगा गणतीत येतो. दोघे जण त्याच्या घरी गेले. पाच मिनिटांनी तो आला, पायांत स्लिपर, अंगात क्रिकेटचा टीशर्ट, डोक्यावर घाईने ठेवलेला किप्पा. चेहरा त्रासलेला होता. त्याच्यासाठी सगळे उठून उभे राहिले असे नाही, पण सगळे जरा सरकले, आणि लगेच हजानांचा आवाज सुरू झाला. पनवेलच्या गृहस्थांनी कद्दीश म्हटली. ती अरामी भाषेत आहे आणि तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही. देवाच्या नावाची थोरवी तेवढी आहे. मधे मधे बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचे. त्या मुलाचे ‘आमेन’ दर वेळी किंचित उशिरा येत होते.

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. १९४८ साली इस्रायल झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक लोक तिकडे गेले. आता देशात पाच हजारांच्या आत ज्यू आहेत आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्यात. जाण्याचे कारण छळ नव्हते, हे इथला प्रत्येक जण न विचारता सांगतो.

रविवार, १२ ऑक्टोबर

शनिवार आत्यांच्या ओटीवर गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, आणि ते चांगलेच होते. रविवारी आम्ही मुंबईला परतलो.

मस्जिद स्टेशनला उतरून सॅम्युअल स्ट्रीटवर गेलो. सॅम्युअल इझिकेल दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. ‘तू कोण’ या प्रश्नाला ‘बेने इस्राएल’ हे उत्तर ऐकून टिपूच्या आईने, ज्यांचा उल्लेख कुराणात आहे ते हेच, म्हणून जीव वाचवला, असे परंपरा सांगते. सुटलो तर प्रार्थनालय बांधीन हा नवस त्यांनी १७९६ साली फेडला. ‘शाआर हाराहामिम’, दयेचे द्वार. पुढच्याच वर्षी तोराच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. आजची वास्तू मूळ जागी नाही. ती १८६० साली इथे आली. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणत, त्यामुळे ही ‘जुनी मशीद’ झाली आणि स्टेशनचे नाव हिच्यावरूनच पडले असे सांगतात. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधलेल्या प्रार्थनालयाला लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ. दोन्ही नावांना कोणी हरकत घेतलेली नाही.

इथला सुक्का मागच्या चिंचोळ्या जागेत होता. झावळ्या मंडईतून विकत आणलेल्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

ठाण्याचे ‘शाआर हशामाइम’, म्हणजे स्वर्गद्वार, १८७९ सालचे, सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात. दाराशी पोलीस, ओळखपत्राची तपासणी, पिशवीची तपासणी. २००८ साली नरिमन हाउसवर हल्ला झाल्यापासून सगळीकडे असेच आहे. मित्राने माझ्यासाठी आधी कळवून ठेवले होते.

आज रात्री सिमहाथ तोरा, तोराचा आनंदोत्सव. आठवड्याला एक भाग याप्रमाणे वर्षभर वाचलेला तोरा उद्या संपणार आणि त्याच बैठकीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. आत शिरलो तेव्हा बसायला जागा नव्हती. वर बायकांच्या सज्ज्यात जरीच्या साड्या आणि पंजाबी ड्रेस, खाली पोरे बाकांवर चढलेली, पताका, दिव्यांच्या माळा. हेखाल उघडले आणि सगळ्या गुंडाळ्या बाहेर आल्या. त्या लाकडी, नक्षीदार डब्यांत उभ्या असतात. माथ्यावर चांदीची जी शोभा असते तिला रिम्मोनीम म्हणतात, म्हणजे डाळिंबे, आणि तिला बारीक घुंगरे असतात. सेफेर, म्हणजे तोराची गुंडाळी, उचलण्याच्या मानासाठी बोली लागली. बोली तोंडी, पैसे सण सरल्यावर.

मग सात फेऱ्या. पहिल्या दोन रीतसर झाल्या. तिसरीपासून टाळ्या आणि गाणी, शब्द हिब्रू, ठेका मात्र गणपतीच्या मिरवणुकीतला वाटावा असा. चौथीला माझा मित्र, जो कार्यालयात कुणाच्या वाढदिवसालाही खुर्चीतून उठत नाही, तो छातीशी डबा धरून नाचत होता. सेफेर जड असतो. तो पडला तर पाहणाऱ्यांनाही उपास घडतो, म्हणून नाचणाऱ्यांच्या दोन्ही अंगांना दोघे हात पसरून चालतात. सज्ज्यातून चॉकलेटे आणि शेंगदाण्याच्या चिक्क्या खाली येत होत्या. एक चिक्की माझ्या रुमालावर पडली. माझे मनगट धरायला इथे कोणी मोकळे नव्हते, पण फोन मी काढला नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळी वाचन. मोशे वारल्याचा शेवटचा अध्याय वाचला गेला आणि दुसऱ्या गुंडाळीतून ‘प्रारंभी’ सुरू झाले. ज्यांना हे दोन मान मिळतात त्यांना नवरदेव म्हणतात. त्यांतले एक सत्तरीच्या पुढचे होते आणि पत्नीने सज्ज्यातून त्यांच्यावर तांदूळ टाकले.

संध्याकाळी तीन तारे दिसल्यावर सण सरला आणि अंगणात सुक्क्यातल्या फळांचा लिलाव सुरू झाला. झावळ्या सुकून तांबूस झाल्या होत्या. केळ्यांचा घड आठवडाभरात काळा पडला होता तरी त्याला एक हजार एक रुपये आले. डाळिंबांसाठी दोन जावांमध्ये बोली लागली आणि दोघींनी शेवटी वाटून घेतली. मित्राने आत्यांना फोन लावला. किती माणसे होती, हे त्यांनी पहिल्यांदा विचारले, आणि “मोजली नाहीत” हे उत्तर ऐकून दुसरा प्रश्न महाळुंगाचा केला : गेले का, आणि कितीला. गेले नव्हते. मग त्यांनी सांगितले की माझ्या नावाने पाचशे एक म्हणा, त्याचा मुरंबा मी करते, आणि घेऊन येणाऱ्याने या वेळी खोका मांडीवर धरू नये, खाली ठेवावा.